हात कधी सोडायचा

सदऱ्याचं बटण लावायला आपल्याला दोन-तीन सेकंद लागतात. ते कसं लावलं असं कुणी विचारलं तर मात्र सांगता येत नाही. बोटांना माहीत असतं, आपल्याला नसतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत हे सांगता यावं लागतं, तेही कागदावर, ओळीनं. डाव्या चिमटीत काजाची कड धरायची. उजव्या चिमटीत बटण धरायचं, सपाट नव्हे, कडेवर उभं. ते अर्धं काजात ढकलायचं. मग पलीकडून डोकावलेली कड डाव्या अंगठ्यानं पकडायची, आणि ती पकडेपर्यंत उजवी बोटं सोडायची नाहीत. आता उजवा हात मोकळा करून काजाची कड धरायची. डाव्यानं बटण ओढायचं, उजव्यानं कापड त्याच्याखाली सरकवायचं.

सहा पायऱ्या, आणि बहुतेक मुलं अडतात ती चौथीवर. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची ती ही जागा. मूल बटण ढकलतं, लगेच सोडतं, ते मागं निसटतं. दोन-तीनदा असं झालं की सदराच नको होतो. म्हणून सुरुवात कोटाच्या मोठ्या बटणानं, आणि ब्लेडनं किंचित रुंद केलेल्या काजानं. नवा सदरा कधीही घेऊ नये, त्याची काजं कडक असतात. वीसेक धुणी खाल्लेला जुना सदरा बरा. गळ्याचं बटण दिसत नाही, म्हणून पोटाजवळच्या बटणापासून सुरू करायचं. साहित्याच्या दुकानात मिळणारी बटणांची लाकडी चौकट दिसते छान, पण ती समोर टेबलावर असते. स्वतःच्या छातीवरचं बटण वरून, तिरकं दिसतं. चौकटीवर पटापट बटणं लावणारा मुलगा अंगातल्या सदऱ्यापाशी थबकतो तो यामुळे. शिवाय मुलग्यांच्या सदऱ्याची काजं डावीकडे असतात, मुलींच्या कपड्यांची बहुधा उजवीकडे. शाळेत एकच सरावाचा सदरा असेल तर मुली सगळं उलट शिकतात आणि घरी जाऊन चुकतात. मग शेरा पडतो, ‘अजून जमत नाही’.

पायऱ्या पाडणं हे निम्मं काम. दुसरं निम्मं म्हणजे शेवटाकडून शिकवणं. पहिल्या पाच पायऱ्या बाईंनी करायच्या, फक्त शेवटचं ओढणं मुलानं. ते जमलं की शेवटच्या दोन. असं मागून पुढे. यात प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते मुलाच्या हातून. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर उलटं होतं: सुरुवात मूल करतं आणि शेवट बाई, म्हणजे ‘झालं!’ हा आनंद रोज बाईंच्या वाट्याला जातो.

आणि मग येतो या शाळांचा खरा विषय. मदत द्यायची कशी हे सगळ्यांना येतं. आईला तर उपजत येतं. मदत काढून घ्यायची कशी, हे शिकावं लागतं.

मदतीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: हात धरून करवून घेणं, करून दाखवणं, तोंडानं सांगणं, अधूनमधून नुसती आठवण देणं, आणि शेवटी काहीच नाही. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं केलेली एफएसीपी नावाची तपासणी-सूची पुष्कळ शाळांत वापरतात. तिच्यात प्रत्येक कौशल्यापुढं अशीच खूण करायची असते. पीपी म्हणजे हात धरून, व्हीपी म्हणजे सांगून, ओसी म्हणजे कधीतरी इशारा देऊन, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे स्वतःहून. बाहेरच्या माणसाला या तक्त्यात काही दिसत नाही. बाई मात्र पीपीचं व्हीपी झालं की पालकसभेत पेढे वाटावेत अशा सुरात सांगतात.

गंमत अशी की यातली सगळ्यात हलकी वाटणारी मदत काढायला सगळ्यात जड. हात धरणं कमी करता येतं: आधी पंजा धरायचा, मग मनगट, मग कोपर, मग नुसतं खांद्याला बोट. बोलणं असं पातळ करता येत नाही. ‘बटण लाव. दुसरं लाव. आता वरचं.’ महिनाभर असं चाललं की मूल बटण लावायला शिकतं खरं, पण ‘लाव’ हा शब्द त्याच्या लेखी बटणाचाच एक भाग होतो. शब्द आला नाही तर हात उचलत नाही. पाहुणे म्हणतात, ‘किती आज्ञाधारक!’ जाणत्या शिक्षिकेला तिथं आपली चूक दिसते. म्हणून हात धरताना मुलाच्या मागं उभं राहायचं, समोर नाही. समोर उभं राहिलं की मूल बटणाऐवजी चेहरा वाचतं. तोंड मिटायचं. आणि मूल थांबलं तर दहापर्यंत मोजायचं, मनात, ओठ न हलवता. हे दहा आकडे नव्या शिक्षिकेला फार लांब वाटतात. मूल विचार करत असतं, बाईंना वाटतं अडलं, तिसऱ्या आकड्याला त्यांचा हात पुढं येतो.

या शाळांची सुरुवातही बहुधा अशाच कुणाच्या न आवरलेल्या हातातून झालेली असते. मुंबईत १९४४ साली जय वकील आणि त्यांच्या पतीनं आपल्या मुलीसाठी शाळा काढली. पुण्याची सिंधुताई जोशींची कामायनी १९६४ची, नाशिकची रजनीताई लिमयांची प्रबोधिनी १९७७ची. त्यांच्या मागून जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांत लहान लहान शाळा निघाल्या: भाड्याचा बंगला, गॅरेजमध्ये फिजिओथेरपीची गादी, स्वयंपाकघरात ऑफिस, तीस-पस्तीस मुलं. पाटीवर जुना शब्द ‘मतिमंद’, लेटरहेडवर नवा ‘बौद्धिक अक्षम’, आणि रिक्षावाला तिसराच शब्द वापरतो. महाराष्ट्रात या शाळा शिक्षण खात्याखाली नाहीत. आधी त्यांचे कागद समाजकल्याणकडे जात, डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग आहे. म्हणजे फळा आहे, घंटा आहे, गणवेश आहे, पण शिक्षण खातं नाही. विनाअनुदानित शाळेला तर दोन्हीकडचे नियम पाळायचे असतात आणि पगाराचा धनादेश एकीकडूनही येत नाही.

प्रवेशाला येणाऱ्या मुलाच्या हातात एक टक्केवारी असते. बुद्ध्यंक ५० ते ६९ म्हणजे सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, २० ते ३४ तीव्र, त्याखाली अतितीव्र. दिव्यांग प्रमाणपत्रावर या वर्गांचे टक्के होतात ५०, ७५, ९० आणि १००. सवलतींसाठी हा कागद लागतोच. शिकवायला तो काही उपयोगाचा नाही. ७५ टक्केवाले दोन मुलगे शेजारी बसवले तर एक बसचा पास स्वतः दाखवतो आणि दुसऱ्याला पाणी हवंय हे सांगता येत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे शिकवायचं नाही, नुसतं पाहायचं. मद्रासला तयार झालेली एमडीपीएस ही जुनी सूची यासाठी अजून कामाला येते. १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० कृती, मिळून ३६०. सगळी ‘करतो किंवा करत नाही’ अशी.

यातली अर्धी उत्तरं आईकडून घ्यायची असतात आणि गडबड इथंच होते. ‘स्वतःच्या हातानं जेवतो का?’ ‘हो तर.’ शाळेत डबा उघडला की कळतं, पोळीचे तुकडे घरूनच करून आलेत. आई खोटं बोललेली नसते. तिला तो तुकडा करणं हे जेवणात धरायचं असतं हेच माहीत नसतं. दहा वर्षं तिचे हात ते आपोआप करत आलेले असतात. प्रश्न बदलायचा: ‘भात कोण कालवतं? चपलेचा बंद कोण लावतं? अंगाला साबण कोण लावतं? ते होईस्तोवर तुम्ही कुठं उभ्या असता?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

पोळीचंच पाहा. एका हातानं पोळीचा तुकडा मोडणं हे फार कसबाचं काम आहे. करंगळीकडच्या बोटांनी पोळी ताटात दाबून ठेवायची आणि अंगठा-तर्जनीनं फाडायची, एकाच पंज्यात धरणं आणि ओढणं. मऊ स्नायूंच्या मुलाला, डाउन सिंड्रोम असलेल्याला विशेषतः, हे वर्षभर जमत नाही. मग दोन हातांनी मोडू द्यावं. डावा हात जेवणाला लावायचा नाही ही घरची शिस्त इथं आड येते, आजी नाराज होते, ते समजावून सांगावं लागतं. डब्यातली पोळी दुपारपर्यंत चिवट होते, म्हणून सरावाच्या दिवसांत तेल लावून, घडी घालून मऊ पोळी पाठवायला सांगायचं. भाजी कोरडी हवी, रस्सा नको, कारण रश्शात तुकडा बुडवला की बोटं घसरतात. भात-वरणाला खोलगट ताटली, खाली ओला रुमाल म्हणजे ती सरकत नाही. ज्या मुलांना गिळायला त्रास आहे, सेरेब्रल पाल्सीची पुष्कळ मुलं, त्यांचं तंत्र वेगळं: पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. मान मागं टाकून घास किंवा पाणी घालायचं नाही. श्वासनलिकेत जातं ते बहुधा पातळच, घट्ट नव्हे. म्हणून ‘घशाला सोपं’ म्हणून दिलेलं पातळ ताक हेच धोक्याचं. डब्याची सुट्टी ही या शाळेत सुट्टी नसते. दिवसातला सगळ्यात अवघड तास तोच, आणि तपासणीला येणारे साहेब नेमके त्याच वेळी ऑफिसात चहा घेत बसलेले असतात.

प्रत्येक मुलाच्या वार्षिक आराखड्यात, ज्याला सगळे आयईपी म्हणतात, ‘एकाग्रता वाढवणे’, ‘समाजात मिसळणे’ असली उद्दिष्टं लिहिली जातात. ती कधी पुरी होत नाहीत आणि कधी चुकतही नाहीत. ‘डबा स्वतः उघडून, दोन हातांनी तुकडा मोडून, भाजी लावून, न सांगता अर्धी पोळी संपवेल, पाचपैकी चार दिवस’ हे उद्दिष्ट. डिसेंबरात उत्तर हो किंवा नाही येईल. एका मुलामागं एका वेळी अशी तीन-चार पुरेत. आठ मुलांचा वर्ग धरला तरी तीस गोष्टी रोज डोक्यात ठेवायच्या झाल्या.

शौचालयाचं शिक्षण यात सगळ्यांत आधी यावं आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. आधी एक आठवडा नुसता तक्ता: दर अर्ध्या तासाला कोरडं की ओलं. आठवड्यात त्या मुलाच्या वेळा दिसू लागतात. त्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी न्यायचं, आणि विचारायचं नाही. ‘शू लागली का?’ या प्रश्नाला पुष्कळ मुलं नेहमी ‘हो’ म्हणतात, काही नेहमी ‘नाही’; दोन्हीला अर्थ नसतो. गणवेशाच्या पँटला चेन आणि हूक असेल तर सगळा खेळ तिथंच संपतो, चेनशी झटेपर्यंत पँट ओली. इलॅस्टिकची पँट हवी. संस्थाचालकांना ती दिसायला ‘शाळेसारखी’ वाटत नाही, यावरून होणारे वाद कुणाला सांगून खरे वाटणार नाहीत. पुढची पायरी म्हणजे दाराजवळ शौचालयाचा फोटो टांगायचा. जाताना मुलाचा हात दर खेपेला त्या फोटोला लावून मग न्यायचं. काही महिन्यांनी एक दिवस मूल आपणहून त्या फोटोला हात लावतं. तो दिवस वहीत तारखेसकट लिहायचा असतो.

फोटो किंवा चित्रांची कार्डं हे न बोलणाऱ्या मुलांचं तोंड. रेघांच्या चित्रापेक्षा त्याच्याच पेल्याचा, त्याच्याच चपलांचा फोटो आधी कळतो. मूल कार्ड देतं त्या क्षणी ती वस्तू मिळाली पाहिजे. ‘थांब, नंतर’ म्हटलं की कार्डाचा अर्थ मेला. म्हणून सुरुवातीला द्यायला सोपं तेच निवडावं, पाणी, मुरमुरे, झोका. पालकांना भीती असते की कार्डाची सवय लागली तर मूल बोलणार नाही. तसं होत नाही; काही मुलांचं उलट बोलणं सुरू होतं. खरी अडचण वेगळीच: लॅमिनेशनला पैसे गेलेत, मळतील, हरवतील, म्हणून कार्डं कपाटात कुलपाखाली असतात. एखाद्याचं तोंड कपाटात ठेवून किल्ली ऑफिसात.

मारणं, चावणं, डोकं आपटणं यांचा विचारही एक प्रकारचं बोलणं म्हणूनच करावा लागतो. मणी ओवायला बसवलं की मुलगी शेजारच्याला चापट मारते. तिला वर्गाबाहेर नेतात, तिथं मावशी तिला जवळ घेतात, वर बिस्कीट देतात. तिच्या दृष्टीनं हिशोब सरळ आहे: चापट मारली की मणी संपतात आणि बिस्कीट मिळतं. वहीत तीन रकाने आखायचे, आधी काय घडलं, तिनं काय केलं, नंतर तिला काय मिळालं. आठ-दहा नोंदी झाल्या की तिसरा रकाना बोलू लागतो. कुणाला लक्ष हवं असतं, कुणाला वस्तू, कुणाला सुटका, आणि कुणाला नुसता तो आवाज किंवा तो दाब. सुटका हवी असेल तर तिला ‘पुरे’चं कार्ड द्यायचं. ते दाखवलं की मणी लगेच बंद. आधी तीन मण्यांनंतर, मग पाच, मग दहा. आणि चापटीनं मणी बंद होणार नाहीत. इथं एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी लागते. जुना उपाय चालेनासा झाला की मूल तो आधी जोरात करून पाहतं. पहिले चार-आठ दिवस मारणं वाढतं. बरेच जण पाचव्या दिवशी हार मानतात आणि मुलगी शिकते की साधी चापट पुरत नाही, पाच दिवस जोरात मारावं लागतं. त्यापेक्षा सुरूच केलं नसतं तर बरं झालं असतं.

वैद्यकीय गोष्टी थोडक्यात, पण त्या माहीत नसलेला एकही माणूस, ड्रायव्हरसुद्धा, शाळेत नसावा. फिट आली की घड्याळ पाहायचं, डोक्याखाली मऊ काही, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यातल्या कशानं फिट थांबत नाही, ती आपली थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर दवाखाना. बऱ्याच फिटांचं कारण चुकलेली गोळी असते: लग्नाला गेले आणि डबी घरी राहिली, उपवास म्हणून सकाळची गोळी टळली. सोमवारी सकाळी व्हॅनमध्ये मूल चढतानाच विचारावं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असतो. स्नेहसंमेलनाच्या कसरतीत त्यांना कोलांटउडीला उभं करू नये, कितीही गोड दिसत असली तरी.

मुली अकरा-बारा वर्षांच्या होताना शाळेला एक तयारी पाळी येण्याआधी करावी लागते. निकरवर रंगीत दोऱ्यानं पॅडची बाह्यरेषा शिवून घ्यायची, त्या रेषेत पॅड चिकटवायचं. आठवड्यातून एकदा कोरडाच सराव, कारण चिकटलेलं पॅड टोचतं म्हणून मुली ते वर्गातच काढून टाकतात. अंगाला त्याची सवय आधी व्हावी लागते. बदलायची वेळ रक्त पाहून ठरवणं पुष्कळ मुलींना जमत नाही, घंटेवर जमतं: डब्याची घंटा, घरी जायची घंटा. काढलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात, मग हात. सहा-आठ महिने लागतात. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढण्यात आली होती, आणि कारण देण्यात आलं होतं स्वच्छतेचं. गदारोळ झाला, लेख आले. निकरवरच्या त्या दोऱ्याबद्दल मात्र तेव्हाही फारसं कुणी लिहिलं नाही. वयात येणाऱ्या मुलग्यांचा हात चारचौघांत स्वतःच्या अंगाशी जातो, त्याला उत्तर शिक्षा नाही, जागा आहे: हे वर्गात नाही, बाथरूममध्ये, दार लावून. एवढं वाक्य शांत आवाजात म्हणायला शिक्षकांनाच सराव करावा लागतो.

पैशांचा व्यवहार शिकवताना बेरीज-वजाबाकीत पाच वर्षं घालवण्यापेक्षा ‘एक नोट जास्त’ शिकवावं. सदतीस रुपये म्हटलं की तीन दहा आणि वर एक, चार नोटा द्यायच्या, उरलेले हात पसरून घ्यायचे. दहापर्यंत मोजता आलं आणि ‘सदतीस’मधला तीस ऐकू आला की पुरतं. खोट्या नोटांवर शिकवू नये, खऱ्या वापराव्यात. खरं दुकान हवं, आणि दुकानदाराला आधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, प्रेम करू नका. ‘राहू दे रे बाळा, घे तसाच’ म्हणणारा एक दुकानदार महिन्याची शिकवणी धुऊन टाकतो. सुट्ट्याऐवजी चॉकलेट देणारा दुसरा. आणि आता तिसरा, जो नोटेकडे न बघता काउंटरवरच्या स्कॅनरकडे बोट दाखवतो. त्याचं काय करायचं हे अजून कुठल्याच अभ्यासक्रमात नीट बसलेलं नाही.

अशीच प्रेमानं अडचण करणारी दुसरी मंडळी म्हणजे देणगीदार. वाढदिवस, पुण्यतिथी, नातवाचं बारसं, की शाळेत गोडाचं जेवण. महिन्यात असे पाच-सहा दिवस होतात. जिलबी वाटीत येते, मूल पोळी मोडायची विसरतं, दुपारचा गट बुडतो, आणि आधीच वजन वाढलेल्या थायरॉइडच्या मुलांच्या पानात चौथा गुलाबजाम पडतो. नाही म्हणायची सोय नाही, कारण तोच माणूस मार्चमध्ये व्हॅनच्या डिझेलला पैसे देणार असतो. शाळेचा मोठा खर्च पगारांच्या खालोखाल व्हॅनचाच. एखाद्यानं विचारलंच की काय आणू, तर मोठ्या मापाचे डायपर, लॅमिनेशनची पाकिटं आणि एका वर्षाचा व्हॅनचा विमा असं सांगावं. विचारणारा जरा हिरमुसतो, त्याला मुलांबरोबर फोटो हवा असतो.

प्रशिक्षित शिक्षक टिकत नाहीत ही दुसरी रड. विशेष शिक्षणाची पदविका, पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली मुलगी दोन वर्षं राहते, अनुदानित शाळेत किंवा शहरातल्या थेरपी सेंटरमध्ये जागा मिळाली की जाते, आणि जावंच तिनं. पण तिच्याबरोबर आठ मुलांची माहिती जाते. म्हणून प्रत्येक मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाच ओळी असाव्यात: काय खातो, काय खाताना ठसका लागतो; शू लागली की काय करतो; कशाला घाबरतो, आणि मग काय केलं की शांत होतो; गोळ्या कोणत्या, किती वाजता; सध्या कोणत्या कामात आपला हात कुठं धरलेला आहे. शेवटची ओळ नसेल तर नव्या बाई येतात, प्रेमानं पंजा धरतात, आणि कोपरापर्यंत आलेलं मूल परत पहिल्या पायरीवर जातं.

मे महिन्याच्या सुट्टीत तेच होतं. मामाच्या घरी लग्नाची गर्दी, कुणाला दहापर्यंत मोजायला वेळ आहे? नाडा आई बांधते, भात मामी भरवते. जूनमध्ये वही नव्यानं उघडायची आणि एप्रिलच्या खुणांवर विश्वास न ठेवता परत पाहायचं. सुट्टीआधी घरी लांबलचक गृहपाठ देणाऱ्या शाळा आहेत. त्याचा उपयोग नाही. एकच गोष्ट मागावी. ‘चपला त्याच्या तो घालेल, तुम्ही तोवर जिन्यात जाऊन उभ्या राहा.’ आईला खोलीबाहेर काढणं हाच त्या गृहपाठाचा मुख्य भाग.

अठराव्या वर्षी मात्र सरकार हात एकदम सोडतं. २०१६च्या कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत आहे. अठरा पूर्ण होताच आणखी एक गोष्ट घडते जी पुष्कळ आईवडिलांना बँकेच्या खिडकीशी उभं असताना कळते: मुलगा कायद्यानं सज्ञान झाला, ते आता त्याचे पालक नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. शाळेनं सतराव्या वर्षीच त्या घरी ही आठवण द्यावी, प्रमाणपत्र, जन्मदाखला, फोटो, सगळे कागद एका पिशवीत करवून घ्यावेत. ‘नंतर’ म्हणता म्हणता वडील साठीला येतात.

शाळेच्या मागच्या खोलीतली कार्यशाळा त्यानंतरची. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, पाकिटं, आणि दिवाळीआधी दोन महिने उटणं. पणती ‘बिचाऱ्यांनी केली’ म्हणून एकदा विकली जाते. दुसऱ्या वर्षी तोच माणूस ती घेत नाही, रंग हाताला लागला होता. म्हणून काम असं मांडायचं की चूक व्हायला जागाच राहू नये. उटण्याचं पाकीट शंभर ग्रॅमचं. आकडे न वाचणाऱ्यासाठी वजनकाट्याच्या तबकडीवर हिरवी पट्टी, काटा पट्टीत आला की थांबायचं. एक जण चमच्यानं भरतो, दुसरा नरसाळ्यातून पिशवीत ओततो. पिशवीच्या तोंडाला भुकटी लागली तर सील धरत नाही, म्हणून मध्ये एकीला फक्त कोरड्या फडक्यानं तोंड पुसण्याचं काम, आणि तिच्याइतकं महत्त्वाचं तिथं कुणी नाही. मग सील, मग लेबल; लेबलासाठी पुठ्ठ्याचा साचा, ते वाकडं लागूच शकत नाही. मोजायला पाटावर बारा चौकोन आखलेले. बारा भरले की खोकं आणायचं. यात कार्यशाळेच्या ताईंचं काम उत्तरोत्तर कमी होत गेलं पाहिजे. पहिल्या महिन्यात त्या टेबलाशी असतात, दुसऱ्यात दाराशी, तिसऱ्यात खोलीच्या बाहेर हिशोबाची वही घेऊन.

आणि मग एखाद्या दुपारी परातीत तळाला थोडंच उटणं उरतं. चमचा घातला, वजनकाट्याच्या पारड्यात ओतलं, परात पुसून घेतली, काटा पट्टीच्या अलीकडेच थांबला. हे आखलेल्या कुठल्याच पायरीत नाही. भरणारा मुलगा काट्याकडे बघतो, परातीकडे बघतो, मग दाराकडे, ताईंकडे. ताईंनी वहीतून मान वर करायची नाही. एक, दोन, तीन.